लाव्या काय विचारायचा

चीनहून परतताना मला वाटलं होतं, आमच्या नेकनूर गावातली पोरं खिडक्यांना लटकून माझा वर्ग बघतील. विमानात बसल्या बसल्या मी पहिल्या तासाचं भाषणसुद्धा पाठ केलं होतं. शाळेने एक खोली दिली, मी पाटी लावली: चिनी भाषा, रविवारी सकाळी नऊ, विनामूल्य. अकरा नावं आली. आठवड्याभरात सात गळली. एकाच्या वडिलांनी विचारलं, "पोलिसाचं काही लचांड न्हाई ना लागनार मागं?" एका आजीने माझ्या आईला बाजूला घेतलं आणि पोरगी तिकडं काय काय खात होती याची चौकशी केली. तीन वर्षं मी कुनमिंगमध्ये राहिले, सुट्टी मिळाली की पिशवी पाठीला लावून डोंगरातल्या गावांत हिंडले, ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा लोकांच्या चुलीपाशी बसले. ते सगळं सांगायला मी आले होते. इथं लोक माझ्याकडे असं बघत, जणू मी कुणाचा तरी निरोप घेऊन आले आहे.

उरलेल्या चौघींमध्ये खरी शिकणारी एकच होती, बारावीतली रोहिणी. बाकीच्या तिघी तिच्या मैत्रिणी. ती आली तर त्या येणार. आणि तिला आजोबांची परवानगी नव्हती.

म्हणून वर्गाच्या आदल्या दिवशी, शनिवारी रात्री साडेआठला, मी त्यांच्या घरी गेले. एवढंच काम होतं. विचारायचं आणि परत यायचं.

लाईट गेली होती. अंगणात घमेल्यात निखारे होते आणि तिचे आजोबा मोहनराव त्यांवर हात शेकत बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, आता निवृत्त. शेजारी रोहिणीचा थोरला भाऊ रविराज, आणि उंबऱ्यावर रोहिणी, पाय पोटाशी घेऊन.

"आबा, उद्या नऊला वर्ग सुरू होतोय. रोहिणीला पाठवा," मी म्हणाले.

"बस आदी. च्या घे."

मी बसले. चहा आला. आबा निखारे हलवत राहिले.

"आबा?"

"त्या भाषेचं नाव आपल्या घरात नगं."

"कावून पन?" उंबऱ्यावरून रोहिणी.

"आबा, तुमचा फोन बी चिनीच हाय की," रविराज म्हणाला.

"गप बे. फोन काय बोलतो का?"

"तुमचा तर दिवसभर बोलतोय. स्पीकरवर."

रोहिणी हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी काडीने एक निखारा उलटा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला वाटंल म्हातारा आडानी हाय. तसं न्हाई. सांगतो. ऐक, आन मग तूच ठरीव." त्यांनी काडी खाली टाकली. "माझ्या वळखीचा एक ड्रायव्हर व्हता. तात्याबा. त्याच्यासंगं झालेलं हाय हे. ऐकीव न्हाई."

मी मनात म्हटलं, झालं, आता पोरीला घाबरवणार. पण उठून कसं जायचं? चहा अर्धा होता.

"मांजरसुंब्याच्या वर माळावर पवनचक्क्या उभ्या ऱ्हात व्हत्या त्या साली," आबा सांगू लागले. "आपन त्याला पंखेच म्हनतो. कंपनीनं चार चिनी मिस्त्री आनलते. त्यातला एक म्हातारा. त्याला समदे लाओ यांग म्हनायचे. लाओ म्हंजी काय गं?"

"वयानं मोठा. आदरानं म्हणतात."

"आसंल. आमच्या लोकांनी त्याचा लाव्या केला. कुनी म्हनलं, बत्ती लाव, की त्यो वळून बघायचा."

रविराज मोठ्याने हसला. या वेळी आबाही थोडे हसले.

"मानूस गरीब. पन एक खोड व्हती त्याला. सांजच्याला डबे आले की रस्त्याच्या कडंला हुबा ऱ्हायचा, आन येनाऱ्या-जानाऱ्याला एकच काय तरी इचारायचा. कुनाला कळायचं न्हाई. न कळल्यावर मानूस काय म्हनतो? न्हाई म्हनतो. मान हलवून, न्हाई. आन कुनी न्हाई म्हनलं की ह्यो आपल्या डब्यातला निम्मा भात काढून त्याच्या झाकनात घालायचा. येडा हाय, म्हनायचे लोक. खायचे बी."

"मग?" रोहिणी.

"मग काय. नोव्हेंबरात गेला. झोपेतच, तिथंच, पत्र्याच्या खोलीत. पेटी मुंबईला गेली, तिथनं त्याच्या मुलखाला. त्याचे सोबती बी गेले. काम आमच्या लोकांवर आलं."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आता तारीख ऐक. एकोनतीस डिसेंबर, दोन हजार सोळा. गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आन त्याच दिशी अमावस्या. घरोघर बायांचे उपास सुटायचे व्हते. तात्याबाच्या बी घरी ताट थांबलं व्हतं. रात्रपाळीचे सहा डबे वर टाकायचे आन घरी यायचं, एवढंच काम. सव्वानऊला ढाब्यावरून डबे घेतले. जीपमधी मागं ठिवले. दोरीनं बांदले. निघाला."

"एकटेच?"

"एकटाच. माळाचा रस्ता कच्चा. दुसऱ्या वळनावर मागं डबे वाजाया लागले. दोरी सैल झाली आसंल म्हनून उतरला. इंजिन बंद केलं. वारं पडलेलं. पंखे हुबे. एक बी फिरत न्हाई."

आबांचा आवाज खाली आला.

"दोरी आवळली. गाठ मारली. तवा..."

ते थांबले. कुठे तरी कुत्रं भुंकलं आणि तेही थांबलं.

"तवा काय आबा?"

"कुनी तरी बोललं. मागून न्हाई. म्होरून न्हाई. हितून." त्यांनी डाव्या खांद्यापाशी हात नेला, पण खांद्याला लावला नाही.

"काय बोललं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. अंधाराकडे बघून म्हणाले:

"नी गं छफान लं."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला.

पुस्तकातल्या चिनीत असं म्हणत नाहीत. पुस्तकात प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. कुनमिंगच्या गल्ल्यांत तो मध्ये बसतो, आणि तो शब्द 'गं'. मला तो विद्यापीठात कुणी शिकवला नाही. तांदळाच्या शेवयांच्या टपरीवर एक मावशी होती, तिकडं मावशीला 'आयी' म्हणतात; तिच्यासमोर रोज चुकत चुकत मी तो सहा महिन्यांत शिकले. शिवाय चिनीत प्रत्येक शब्दाला स्वराचा ठरलेला चढउतार असतो. पुस्तकातला 'फान', म्हणजे जेवण, वरून खाली आपटतो. तिचा 'फान' आधी खाली बसायचा, मग जरासा उठायचा. आबांचा 'फान' खाली बसला. मग जरासा उठला.

आणि अर्थ एवढाच: जेवलास का? त्या मुलखात मी जिथं जिथं गेले तिथं कुणी ना कुणी मला हेच विचारलं होतं.

"ऐकलंस ना?" आबा म्हणाले. "गं म्हनतंय. बाईला हाक मारतंय त्ये. गावात कळल्यापासनं त्या रस्त्यानं बाया जाईनात. आन माझ्या नातीनं त्याची भाषा शिकायची?"

मी अर्थ सांगितला नाही. आधी विचारलं, "तात्याबा काय म्हणाले त्याला?"

"काय म्हननार? कळलंच न्हाई. न्हाई म्हनला."

मला झाकणातला तो निम्मा भात आठवला.

"मग?"

"मग जवळून आलं. नी गं छफान लं. हा म्हनला, न्हाई. मग कानापाशी. ऊन श्वास लागला म्हनं कानाला. नी गं छफान लं. न्हाई रे बाबा, न्हाई, म्हनला आन गाडीत बसला. चावी फिरवली."

"सुरू झाली?"

"झाली. गाडीला काय बी झालं न्हाई." निखारा तडकला. "पन मागं... डब्याचं झाकन निघाल्याचा आवाज."

रोहिणी उंबऱ्यावरून पुढे सरकली.

"मग वाढल्याचा. चमचा डब्याला लागतो ना. तसा."

आबांनी नखाने ग्लास वाजवला.

"टक."

"आबा, बास," रविराज म्हणाला.

"टक. ...वळून बघितलं न्हाई त्यानं. वर पोचला. पोरं बॅटऱ्या घिऊन आली. सहाच्या सहा डबे बंद. दोरी तशीच. गाठ तशीच. आन त्याच्या शेजारच्या सीटवर एक झाकन. त्यात भात. वाफ निघत व्हती."

"ढाब्यावरचा असेल," मी म्हणाले.

"ढाब्यानं त्या दिशी भाकरी आन पिठलं दिलतं. भात शिजलाच नव्हता."

रविराजने विचारलं, "आबा, रिटायर झाल्यावर, सोळा साली पंख्यावर जीपला तुमीच व्हते ना?"

"गप बे."

"न्हाई, म्हंजी..."

"गप म्हनलं ना!"

मी आबांकडे बघत होते. तात्याबा म्हणजे आबाच, असा मला संशय होताच, आता खात्री झाली. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. स्वर जात नाहीत. मी तीन वर्षं घालवून हे शिकले आहे. असा 'फान' ऐकीव असू शकत नाही. आणि तीनदा ऐकूनही तो जिभेवर बसत नाही. रस्त्याच्या कडेचा तो म्हातारा जिवंत असताना आबांनी तो किती वेळा ऐकला असेल, आणि नंतर किती वेळा?

"आता तू सांग," आबा म्हणाले. "शिकून आलीस ना? काय म्हनतंय त्ये?"

रोहिणी माझ्याकडे बघत होती. मला कळलं, आता फक्त एक वाक्य खोटं बोललं की झालं. ही चिनी नाहीच, आबा, तात्याबाला भास झाला. एवढं म्हटलं असतं तर उद्या नऊ वाजता रोहिणी पहिल्या बाकावर असती. पण मी त्या माणसांची भाषा इथं नीट पोचवायला आले होते. पहिल्याच वाक्याला खोटं कसं बोलू?

"तो विचारत होता, जेवलास का," मी म्हणाले. "गं म्हणजे बाईला हाक नाही, आबा. त्यांच्या गावात 'का' ला तसं म्हणतात."

आबांचे हात निखाऱ्यांवर तसेच राहिले.

"जेवलास का," ते म्हणाले.

"हो."

"आन आमी..."

"हो."

"न्हाई म्हनत व्हतो."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. ते म्हणाले, "मंग तर नगंच. न कळता न्हाई म्हनलो ते निराळं. आता कळून काय म्हनायचं? पोरगी घरातच ऱ्हाईल."

रोहिणी ताडकन उठली. "मला जेवायला हाका मारू नका," म्हणाली आणि आत जाऊन दार लोटलं.

"तुझ्यापायी उपाशी झोपनार पोर," आबा मला म्हणाले. रागाने नाही. नुसतं म्हणाले.

मी घरी आले. दोन गल्ल्यांचं अंतर. वाटेत काहीही झालं नाही. मला रात्रभर झोप आली नाही, पण मी खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही.

सकाळी साडेसहाला दार वाजलं. बाहेर रोहिणी आणि आबा. रोहिणीच्या चेहऱ्यावर हसू होतं. आबांनी तिचं मनगट धरलेलं होतं, लहान मुलीचं धरतात तसं.

"ताई, रात्री दोनला आमच्या खिडकीशी कावून आलतात?" रोहिणी म्हणाली. "आवाज घोगरा व्हता, पन मी वाक्यावरनं वळखलं लगेच."

"काय ओळखलंस?"

"नी गं छफान लं, म्हनलात ना. मला वाटलं माझी समजूत काढाया आलात. खरंच जेवले नव्हते. म्हनून म्हनलं, न्हाई."

मी दार पूर्ण उघडलं.

"आणि मग?"

"मग तुमी ते दुसरं म्हनलात. बरोबर येतंय का बघा." तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "लाय, ईची छ मा."

हे वाक्य मी या गावात कुणासमोर उच्चारलेलं नाही. 'छ'चा स्वर खालचा होता, थकलेला, म्हाताऱ्या माणसाचा. हसरी सतरा वर्षांची पोर, आणि गळ्यातून तो.

"म्हंजी काय ताई?"

ये, सोबत जेवू. मी ते तिला सांगितलं नाही.

"तू दार उघडलंस?"

"कडी काढतच व्हते. आबांनी हात धरला."

आबा माझ्याकडे बघत होते. डोळे लाल. रात्री त्यांनीही ऐकलं होतं, हे विचारायची गरज नव्हती.

"हिला शिकीव," ते म्हणाले. "न्हाईच्या जागी काय म्हनायचं, त्ये शिकीव."

सहा महिने खपून लिहिलेली वही टेबलावर होती. पहिल्या पानावर नमस्कार, दुसऱ्यावर माझं नाव अमुक. मला क्षणभर वाटलं, पोरीचं नाव खोडावं, खोलीची किल्ली शाळेला परत द्यावी. जी भाषा मी या गावात आणते आहे ती माझ्याआधीच इथं येऊन बसली आहे, आणि ती कुणाची वाट बघते आहे ते मला ठाऊक नाही.

पण उत्तर या गावात मला एकटीलाच येत होतं.

मी ठरवलं. नऊची वाट बघायची नाही. दोघांना आत घेतलं, आबांनाही समोर बसवलं, दाराला कडी लावली. वही मिटली.

"माझ्या मागून म्हणा," मी म्हणाले. "छ को लं. जेवले मी."