हुमणीचा दुसरा अल्बम

पहिल्याच भेटीत बुद्धप्रियानं त्याला खडीसाखर देऊ केली होती. तिचा तरी काय दोष? नांदेडच्या त्या माडीवरच्या स्टुडिओत ती रेकॉर्ड करायची भीमगीतं, भजनं आणि रिक्षावर वाजवायच्या जाहिराती. आणि उदगीरहून आलेला हा उंच पोरगा माइकसमोर उभा राहिला तो थेट डरकाळ्याच फोडायला लागला!

“घसा बसलाय का तुमचा?”

“न्हाई ओ. हेवी मेटल म्युझिकमधी असंच गातेत.”

“मुद्दाम?”

“हाव,” म्हणून विरूपाक्ष हसला... आणि रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद केलेल्या त्या खोलीत बुद्धप्रियाला उगीचच जास्त उकडायला लागलं.

त्याच्या बँडचं नाव हुमणी — पिकाची मुळं कुरतडणारी अळी. पहिला अल्बम मित्र आणि मावसभावांपलीकडे कुणी ऐकला नव्हता. हा दुसरा शनिवारी इंटरनेटवर टाकायचा आणि सोमवारी नोकरीसाठी हैदराबाद गाठायचं, असं त्यानं ठरवलं होतं. सोमवार जवळ यायला लागला तसा बुद्धप्रियाच्या जिवाला चैन पडेना. पंधरा दिवस हा माणूस येतो, चहा पितो, नजरेला नजर भिडली की गिटारच्या तारा पिळत बसतो... जाण्याआधी एक शब्द तरी बोलेल की नाही?

त्या तगमगीत, त्याला खूश करायला, तिनं नको तो उद्योग केला. रेकॉर्डिंगमधली गिटारची खरखर ही आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरची खोड, बिचारा भिडेपोटी बोलत नाही, अशी तिची पक्की समजूत. तिनं वेगळा रेकॉर्ड केलेला तारांचा कोरा, बिनखरखरीचा आवाज घेतला, शब्द वर आणले, आणि सगळ्या गाण्यांना न ऐकताच सरसकट भजनाचं सेटिंग लावून टाकलं.

शनिवारी सकाळी त्यानं पहिलं गाणं ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“ओ... खरखर कुठं गेली?”

“काढली. सगळी!” ती ऐटीत म्हणाली.

“अवो, तेच तर गाणं हाय!” त्यानं कपाळावर हात मारला. मग एकदम दचकून — “सातवं ऐकलं न्हाई ना तुम्ही?”

असं विचारल्यावर कोण थांबतंय? त्यानं माऊस हिसकायच्या आत तिनं सातवं लावलं. डरकाळी तीच, पण आता शब्दन् शब्द कळत होता.

“पंखा बंद करून ती हेडफोन चढवती... माझा श्वास तिच्या कानात... तिला सांगा रे कुणीतरी...”

गाणं संपलं. दोघंही घामाघूम झाले होते.

“बँडमधल्यांना ठाऊक हाय?” तिनं विचारलं.

“कुणालाच न्हाई. एवढ्या आवाजात कुणाला काय कळतंय...”

“अन् मला सरळ सांगायचं सोडून डरकाळ्या फोडून राहिलास?”

“लई भ्याव वाटत होतं. तुम्ही न्हाई म्हणलाव तर...”

“न्हाई कामून म्हणू? तू आवडतोस मला.” बोलून तिनं पंखा लावला. “सोमवारी जाणार?”

“जावं तर लागंल. पण दर रविवारी येतो. आईशप्पत.”

मग दोघं खेटून बसले आणि तिनं एकेका गाण्यात खरखर परत भरली. सातव्याला मात्र तिनं गिटार इतकी चढवली की विरूपाक्षच दचकला.

“एवढी?”

“हाव,” बुद्धप्रिया म्हणाली. “हे मला कळलं, बास झालं. दुसऱ्या कुणाला कळायची गरज न्हाई.”