तीनदा मिचकावलेला दिवा

हसायचं तर हसा. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि रात्रीही नाही... रविवारी, भरदुपारी, आमच्याच अंगणात.

गाडी दादाची. जुनी, पण त्याचा जीव की प्राण. वर्षापूर्वी घाटात तिचा डायनॅमो बॅटरी चार्ज करेनासा झाला. दिवे गेले. दादा बॉनेट उघडायला खाली उतरला. समोरून येणाऱ्या ट्रकला तो दिसलाच नाही.

गाडीला ओरखडाही नाही.

वहिनीने ती विकली नाही. सोमवारपासून नव्या नोकरीला तीच घेऊन जाणार होती. त्याच घाटातून, एकटी. मी तिला नको म्हणत होतो.

कारण डायनॅमो नवा बसवला, तरी रोज सकाळी बॅटरी ठणठण गोपाळ!

"बंद गाडीत कुणीतरी करंट खातंय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बॅटरी आणि तिच्या वायरीच्या मध्ये छोटा दिवा जोडला. "हा पेटला, तर चोरी चालू आहे."

पेटला.

मिस्त्रींनी आधी कटआउट, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरीमधला स्विच, सोडवला. मग हॉर्न, लाइट, एकेक करून सगळ्याच वायरी...

तरी पेटलेलाच.

"आता हा कशावर पेटलाय?" मी विचारलं. मिस्त्री सोडवलेल्या वायरी पुन्हा मोजायला लागले.

मग दिवा विझला. पेटला. विझला. पेटला...

तीनदा.

घरी आला की दादा फाटकाबाहेरून तीनदा हेडलाइट मारायचा. म्हणजे, उघडा.

पायरीवर बसलेली वहिनी उठली आणि फाटकाकडे निघाली.

"वहिनी, गाडी आतच आहे!"

"गाडी आत आहे रे," ती शांतपणे म्हणाली. "तो बाहेर राहिलाय."

कडी निघाली. फाटक करकरलं... रस्ता रिकामा.

मागे दिवा विझला.

मिस्त्रींनी सगळ्या वायरी परत जोडल्या. दिवा पेटला नाही. बॅटरीही पुन्हा उतरली नाही.

"बसने जा गं," मी हातापाया पडलो.

"कशाला? बिघाड गेला ना आता."

सकाळी निघताना तिने आधी शेजारच्या सीटचं दार उघडलं. जरा थांबली. मग हळूच लावलं, कुणाची बोटं सापडू नयेत म्हणून लावतात तसं.

तो दादाच असणार, असं आई म्हणते. देव करो आणि तसंच असो.

रोज संध्याकाळी फाटकाबाहेर तीनदा हेडलाइट लागतो. वहिनीला ही सवय कधीच नव्हती. मी जाऊन फाटक उघडतो...

शेजारच्या सीटकडे मात्र बघत नाही.