सतरा नंबरची रेघ

"कोणी डिझाइन केलंय हे, देव जाणे! दार उघडायला जावं तर कोपर भिंतीवर..."

परदेशात, टकोमा बंदरातल्या त्या अर्धवट बांधलेल्या शीतगृहात, मासळीच्या वासात, मराठी ऐकू येईल असं सुनेत्राच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाहेर सप्टेंबरची भुरभुर लागली होती. डोक्यावरचं सैल हेल्मेट सावरत ती म्हणाली, "मी."

तो वळला. समोर मीटरचं लोखंडी कपाट, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि चेहरा दुधाची साय खाताना सापडलेल्या बोक्याचा.

"म्हणजे... दार उत्तमच आहे हो तुमचं. या लोकांनी भिंतच चुकीच्या जागी बांधलीय."

सुनेत्रा खळखळून हसली. दोन हजार आठ सालच्या त्या पावसाळी, नोकऱ्या खाणाऱ्या दिवसांत ती असं फारशी हसत नसे.

तो अनीश, नागपूरचा. सुनेत्राचं काम कागदावरचं. तासाभरावरच्या बॉथेलच्या ऑफिसात बसून ती मोठमोठ्या इमारतींसाठी मीटरची पॅनेल्स आखायची. कुठल्या खोलीला किती वीज जाते ते दाखवणारी लहान लहान मीटर्स एका लोखंडी कपाटात कशी बसवायची, कुठली तार कोणत्या मीटरला द्यायची, हे तिने ठरवायचं आणि अनीशने जागेवर जाऊन तपासायचं. रीत साधी होती. त्याने एका खोलीतली एकच वस्तू चालू करायची, आणि तिने बॉथेलमध्ये आपल्या स्क्रीनवर कुठली रेघ वर जाते ते बघायचं. ब्रेक रूमसाठी, म्हणजे कामगारांच्या चहापाण्याच्या खोलीसाठी, त्याने घरची इलेक्ट्रिक केटली आणली होती.

"पाणी टाकलं. काही दिसतंय?" दोन दिवसांत फोनवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"थांब हं... हो! सतरा नंबर. काय टुणकन उडी मारली!"

"म्हणजे मीटर बरोबर आहे. आता मी चहा प्यायला मोकळा."

"आणि मी?"

"तू रेघ बघ यार. डिझाइनवाल्यांना तेवढंच मिळतं."

ते मीटर तपासून झालं, तरी रोज दुपारी चारला सतरा नंबरची रेघ उचलली जाऊ लागली. ती दिसली की सुनेत्राही आपला कप भरून आणायची. एके दिवशी रेघ बराच वेळ खाली आलीच नाही, तेव्हा तिने फोन केला.

"आज एवढं पाणी कशाला?"

"दोन कप टाकलाय. एक तुझा."

"मग पिणार कोण?"

"मीच. तुझ्या वाट्याचा वाया कसा घालवू?" तो म्हणाला. फोन ठेवताना सुनेत्राला कळलं, की आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय.

मधेच शीतगृहाच्या मालकाने ब्रेक रूम नव्या वर्षापासून भाडेकरूला देऊन टाकली. सुनेत्राने कुरकुरत नकाशा बदलला. तिथली तार सतरावरून काढून भाडेकरूच्या मीटरला, एकेचाळीस नंबरला द्यायची होती. इलेक्ट्रिशियन लोकांनी ते काम आज करू, उद्या करू म्हणत लांबवलं.

डिसेंबरात अनीशच्या कंपनीने माणसं काढली. त्यात तोही होता. नोकरी गेली की व्हिसाही जातो. शुक्रवारी कामाचा शेवटचा दिवस आणि शनिवारचं विमान ठरलं. आदल्या रविवारी दोघं टकोमाच्या धक्क्यावर एका छत्रीत उभी होती. छत्री लहान होती आणि त्याचा डावा खांदा पार भिजला होता, पण तिच्या बाजूला एक थेंब येऊ दिला नव्हता त्याने.

"नागपूरला दोन खोल्या आहेत आणि आई आहे," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तुझी इथली नोकरी, हे सगळं... तुला 'चल' म्हणायला माझं तोंड नाही उघडत."

"मग नको उघडूस." ती हसली. "शुक्रवारी चारला केटली टाक. मी यावं असं वाटत असेल तर टाक. नसेल तर नको टाकूस. रेघ दिसली की मी फोन करीन."

"आणि फोन नाही आला तर?"

"तर मी घाबरले असं समज."

शुक्रवारी चार वाजता सुनेत्रा स्क्रीनसमोर बसली होती. सतरा नंबरची रेघ सपाट होती. सव्वाचार झाले. साडेचार झाले. रेघ जमिनीला खिळलेली. तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. नाही म्हणायचा हक्क आपणच त्याला दिला होता, आता जाब कसा विचारायचा? घरी जाताना गाडीच्या काचेवरून वायपर फिरत होते तरी तिला समोरचं दिसत नव्हतं. शनिवारी विमान गेलं. ती दिवसभर अंथरुणातून उठली नाही.

अनीशचं राहिलेलं काम तिच्याच गळ्यात आलं. सोमवारी दुपारी ती टकोमाला गेली. ब्रेक रूममध्ये केटली धुऊन ठेवलेली होती, आणि शेजारी दोन कप पालथे. दोन्ही कप तिने बाजूला सरकवले. मीटर तपासायला तिने पाणी टाकलं आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या प्रसादला फोन लावला.

"सतरा वर गेलं का रे?"

"सतरा? ते तर मेलेलंच आहे. एकेचाळीस चढलंय."

"...काय?"

"अगं, तूच नाही का बदलून दिलं होतंस? गुरुवारी संध्याकाळी हलवली त्यांनी ती तार."

गुरुवारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इमारतभर कुठे काय जळतंय ते सांगणारी बाई स्वतःच्या नशिबाची रेघ भलत्याच ठिकाणी बघत बसली होती. केटलीतलं पाणी उकळत राहिलं आणि सुनेत्राने नागपूरचा नंबर फिरवला. तिकडे अजून उजाडायचं होतं.

"हॅलो?"

"अनीश... शुक्रवारी केटली टाकली होतीस?"

तिकडे पलंग करकरला.

"दोन कप," तो म्हणाला. "तुझा गार होईपर्यंत थांबलो. मग वाटलं, घाबरली असशील."

"नाही रे! मी चुकीच्या रेघेकडे बघत होते. तार हलवली होती, माझ्याच नकाशाप्रमाणे, आणि मीच विसरले..." ती हमसून हमसून रडायला लागली. "मला यायचंय. उशीर झाला का?"

मग लांबून भांड्याचा आवाज आला. नळ सुटल्याचा, आणि लायटरची खटखट.

"काय करतोयस?"

"गॅसवर आधण ठेवतोय," तो म्हणाला. त्याचाही आवाज ओला होता. "इथलं तुला कुठल्याच मीटरवर दिसायचं नाही. म्हणून या खेपेला तोंडाने सांगतोय. ये."