डोळे भरलेली रांग

फोन आला तेव्हा तानाजी चाकूला धार लावत बसला होता. मऊरानीपुरहून मेहुणीचा, अनुसूयेचा फोन.

"भाऊजी, ताईनं डोळे मिटले," ती म्हणाली.

तानाजी म्हणाला, "बरं." फोन खाली ठेवून त्यानं चाकूची दुसरी बाजू दगडावर घासायला घेतली. 

चाकू त्याच्या बायकोचा, जानकीचा होता. बहिणीकडे बारशाला निघताना ती बजावून गेली होती, "उत्तरेच्या भिंतीच्या रांगेला हात लावू नका. डोळे मी आल्यावर भरीन. तुम्ही नुसती धार लावून ठेवा."

तानाजी माळी होता ती झाशीतली बंगलेवजा कोठी कुण्या इंग्रज इंजिनिअरनं बांधली होती आणि भोवतीची बाग त्यानं आपल्या गावाकडच्यासारखी आखली होती. मोठं हिरवळीचं मैदान, कातरलेली कुंपणं, आणि गुलाबांच्या दोन रांगांमधून जाणारी विटांची वाट. साहेब गेला. कोठी घेतली ती आताच्या मालकीणबाई भानुमतीजींच्या सासऱ्यांनी. बाग मात्र तशीच राहिली, कारण आधी तानाजीचा बाप आणि मग तानाजी मे महिन्याच्या लूच्या झळांमध्येसुद्धा ती जगवत आले. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले होते. "तलवार गेली, खुरपं राहिलं. खुरप्याला निदान रोज काम असतं," असं तो हसून सांगायचा.

बागेचं सगळं काम तानाजीचं, पण गुलाबाचे डोळे भरायचे ते जानकीनं. जंगली गुलाबाचा खुंट वाढवायचा, त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. तिकडचे माळी याला चश्मा चढवणं म्हणतात. भानुमतीजी तिला चिडवायच्या, "हमारे माली तो चश्मा चढ़ाते हैं, जानकी. तुम मराठे सीधे आँख ही निकाल लेते हो।"

"आँख होगी तो चश्मा काम आएगा न, माँजी," जानकी मान वर न करता म्हणायची.

तिची पट्टी जुन्या सुती साडीची असे. प्लास्टिकनं झाडाला घाम येतो, म्हणे. गाठ ती कधी मारत नसे. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोचून द्यायची. डोळा धरला की ते टोक ओढायचं, पट्टी आपोआप सुटते.

फोननंतर तासाभरात सून रुचिरा भाड्याची गाडी घेऊन आली. मुलगा सलील सुरतेला होता, तो परस्पर तिकडे पोचणार होता. रुचिराच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली साडी होती. सवाष्ण गेली तर तिला हिरवी साडी नेसवायची, ही घरातली रीत. सीपरी बाज़ारचा दुकानदार लालच साड्या काढून दाखवत होता, 'सुहागन को हरी क्यों' म्हणून विचारत होता, हे तिनं वाटेत सांगितलं. बोलता बोलता तिनं घडी उलगडली आणि काठ उजेडात धरला. काठावरच्या कोयऱ्यांमधली एक कोयरी उलटी विणली गेली होती. देठ वर, टोक खाली.

"बाबा, यह तो डिफेक्ट है. परत जाऊ या का?"

"राहू दे," तानाजी म्हणाला. "ती आता कुठं बघणार आहे."

पण अनुसूया म्हणाली होती तसे जानकीचे डोळे मिटलेले नव्हते. बायकांनी प्रयत्न करून पाहिले होते. तानाजीनंही तिच्या कपाळावरून तळहात खाली आणला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. हात काढला तर पापण्या पुन्हा अर्ध्यावर आलेल्या. भटजींनी घाई केली. तशीच ती गेली, अंगावर हिरवी साडी आणि डोळे अर्धे उघडे. साडीचा पदर जळताना तानाजीनं स्वतः पाहिला.

तेरावा उरकून तो कोठीवर परतला. पहिल्याच सकाळी पाइप घेऊन उत्तरेच्या भिंतीकडे गेला आणि पाणी सोडायचं विसरून उभा राहिला.

सगळ्या रांगेचे डोळे भरले होते.

चिरा स्वच्छ होत्या. पट्ट्यांचे वेढे एकसारखे, शेवटचं टोक खोचलेलं. गाठ एकाही खुंटाला नव्हती. पट्ट्या हिरव्या होत्या.

भुताखेतांच्या गोष्टींना तानाजी कधी भीक घालत नसे. कोठीत जुन्या साहेबाची मडम फिरते असं चौकीदार सांगायचा, तर हा म्हणायचा, "फिरते तर फिरू दे. जाता जाता कुंड्यांना पाणी घालायला सांग." आपण नसताना मालकिणीनं दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलं असेल, असा विचार करून तो सरळ व्हरांड्यात गेला.

"मैंने?" भानुमतीजी म्हणाल्या. "अरे, तुम्हारी बहू ही तो आती थी. दोपहर को, हरी साड़ी में. मैंने ऊपर से आवाज़ भी दी. वह झुकी रही, काम करती रही. मैंने सोचा, दुख में है, रहने दो।"

रुचिरा तेरा दिवस मऊरानीपुरातच होती. चूल तीच सांभाळत होती. आणि गुलाबाचा डोळा कुठून काढतात हेही तिला ठाऊक नव्हतं. तानाजीनं हे काही भानुमतीजींना सांगितलं नाही.

रविवारी रुचिरा डबा घेऊन आली तेव्हा तो तिला रांगेपाशी घेऊन गेला. त्यानं तिला मधल्या एका खुंटापाशी उभं केलं. तिथली पट्टी काठाची होती. रुचिरा वाकली. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

देठ वर, टोक खाली.

"बाबा," ती म्हणाली, "ये तो वही है." मग बोट पुसत, "तुम्ही आमच्याकडे राहायला चला."

"पट्ट्या सोडल्याशिवाय कसा येऊ? सालीत रुतल्या तर खुंट मरतात."

"मग सोडा ना."

"डोळा धरला पाहिजे आधी," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज समजूत घातल्यासारखा वाटला. रुचिरा गेली तेव्हा डबा तिथंच राहिला होता.

डोळे धरले. पट्टीच्या फटीतून प्रत्येक डोळा हिरवा, टपोरा दिसायला लागला. नळाजवळचा खुंट सगळ्यात पुढं होता. एका सकाळी तानाजीनं त्याचं टोक ओढलं. पट्टी सरसर सुटून त्याच्या हातात आली. कापड मऊ होतं, आणि इतक्या थंडीत कोमट. खालचा डोळा ताजा होता, सालीशी एकजीव झालेला. पट्टी खिशात घालून तो दुसऱ्या कामाला लागला.

दुपारी येऊन पाहिलं तर डोळा मिटला होता.

सुकला नव्हता, काळा पडला नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंची साल वाढून त्यावर आली होती आणि मधे एक बारीक रेघ राहिली होती. तानाजीनं उभ्या आयुष्यात असा डोळा पाहिला नव्हता. खिशात हात घातला. पट्टी नव्हती. थोडी राख बोटांना लागली.

त्या दिवशी तो जेवला नाही. मऊरानीपुरात जे त्याच्या तळहाताला जमलं नव्हतं, ते इथं नुसतं टोक ओढल्यानं झालं होतं. बाकीची रांग उन्हात उभी होती. एकेक टोक ओढत गेलं तर संध्याकाळच्या आत काम संपलं असतं.

तो रांगेसमोरच्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. जानकी डोळा नेहमी भिंतीकडच्या बाजूला बसवायची, ऊन लागू नये म्हणून. परतल्यावर पहिल्या सकाळी ते तसेच होते, वाकून पलीकडून पाहावे लागले होते. आता उंबऱ्यावरून सगळे दिसत होते.

जवळ जाऊन वाकून पाहिलं तर ते भिंतीकडेच होते; आपली नजर चुकली असेल, असं त्यानं धरलं. चुना कालवला. प्रत्येक खुंटाला भिंतीच्या बाजूला, डोळ्याशेजारी चुन्याचा ठिपका लावला.

सकाळी ठिपके भिंतीकडे होते. वेढे जसेच्या तसे, टोकं खोचलेली. डोळे खोलीच्या दाराकडे.

त्यानं खाट उचलून पंपाच्या खोलीत नेली, बागेच्या दुसऱ्या टोकाला. चार दिवस तिथं काढले, रांगेकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी गेला.

डोळे पंपाच्या खोलीकडे होते.

त्याला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. तो रांगेसमोर मातीतच बसला आणि बोलू लागला. सलील सुरतेला ये म्हणतोय. रुचिराला डबा परत द्यायचाय. साडीबद्दल बोललो ते मनावर घेऊ नकोस. वारा नव्हता. एकही पान हललं नाही. बोलता बोलता तो थोडा डावीकडे सरकला.

भानुमतीजी काठी टेकत विटांच्या वाटेवर आल्या. "तानाजी, किससे बात कर रहे हो?"

"ऐसे ही, माँजी."

त्यांनी रांगेकडे पाहिलं. "पट्टियाँ अब तक नहीं खोलीं? छाल फूल गई है. सब मर जाएँगे।"

"खोलूँगा."

"जानकी होती तो कब की खोल देती।"

भानुमतीजींनी पुन्हा रांगेकडे पाहिलं. सगळे डोळे तानाजीकडे वळलेले होते. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि आल्या तशा परत गेल्या, जरा घाईनं. त्या दिवसापासून त्या व्हरांड्याच्या रांगेकडच्या बाजूला बसत नाहीत.

होळी होऊन गेली. साल पट्ट्यांवर चढली आहे, काही ठिकाणी हिरवं कापड दिसेनासं झालं आहे. तानाजी रोज सकाळी रांगेसमोर बसतो. पहिल्या खुंटाचं टोक चिमटीत धरतो. ते ओढलं की पट्टी सुटेल, अजून सुटेल. डोळा त्याच्याकडे पाहत असतो, काठोकाठ ओला. तो टोक सोडून देतो आणि पाण्याचा पाइप उचलतो.

नळाजवळची एक सोडून बाकी सगळ्या पट्ट्या सोडायच्या राहिल्या आहेत.