बावीस मिनिटांची साडी

साड्या वर पोचवणाऱ्या लोटूकाकांना ताप आला म्हणून सेठने त्या दिवशी त्या माझ्या हातात दिल्या, नाहीतर श्रीरंगची नि माझी गाठ कशाला पडली असती! मी खाली दुकानात पॅकिंगला, तो वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर. साडीचा फोटो दिला की त्याचं एआय मॉडेल ती साडी नेसून चालणाऱ्या बाईचा व्हिडिओ बनवायचं. एका साडीला बावीस मिनिटं. रंग जुळतो का हे साडी पडद्याशेजारी धरून बघायचं, मगच साडी परत न्यायची. तोवर मी बसून.

काय काय बोलायचो आम्ही! तो अमळनेरचा, मी इथल्याच डिंडोलीत वाढलेली. त्याच्या डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी माझी. लोटूकाका बरे झाले, तरी साड्या मीच न्यायचे.

"या बाईला तुमच्यासारखं चालता येत नाही," तो एकदा म्हणाला.

"माझं चालणं कधी बघितलं?"

"जिन्यात… रोज."

माझे कान तापले. मला तो आवडत होता, साफ सांगते. पण माझी जीभ गप्प बसेल तर शपथ! "किती हळू हो तुमचं मशीन! माझं निम्मं आयुष्य इथेच जायचं," म्हणून बसले.

त्याने ते मनावर घेतलं. आठवड्याने गेले तर चेहरा नुसता फुललेला.

"पाच मिनिटं! मॉडेलला नव्याने काहीच शिकवलं नाही. ते धूसर चित्र पन्नास पायऱ्यांनी साफ करत जातं ना, मधल्या पायऱ्यांत फारसं बदलत नाही. तिथे आधीच्या पायरीचंच उत्तर वापरलं. जरीची कड बघा, तश्शीच!" मग हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी केलं…"

"बरं झालं," मी म्हटलं. बरं कसलं, डोंबल!

सेठ खूश. इतक्या वेगाला एकेक साडी वर कोण पोचवणार? खालीच कॅमेरा लावला, रंग जुळवायला पडदाही, नि फोटो थेट वर जायला लागले. माझं जाणं बंद.

पंधरा दिवसांनी नंदुरबारचं स्थळ आलं. "दोन दिवस थांब," मी आईला म्हटलं नि श्रीरंगची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तो आला – सगळ्या पॅकिंगवाल्यांसमोर.

"नूतन… ते परत हळू करू का? एक बटण बंद केलं की झालं. पुन्हा बावीस मिनिटं…"

पोरी फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, नि तोंडातून निघून गेलं, "कामधंदा नाही का तुम्हाला? सेठ ओरडतील."

त्याचा चेहरा उतरला. "हो… बरोबर आहे," म्हणाला नि जिना चढून गेला. मागे धावायला हवं होतं मी. खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

संध्याकाळी आईने विचारलं, "काय कळवू त्यांना?"

"हो म्हणून कळव," मी म्हटलं.