चिप सापडली नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही. रविवारी, भर दुपारी तीन वाजता, तिच्या वर्कशॉपमध्ये.

ताई लिफ्टचे बोर्ड दुरुस्त करते. स्वभाव असा, की भुतानंच हिला वचकून असावं.

त्या दिवशी आमच्याच इमारतीच्या लिफ्टचा बोर्ड तिच्या टेबलावर होता. पायाचं ऑपरेशन होऊन आई सहा वाजता घरी येणार होती, व्हीलचेअरवर. घर पाचव्या मजल्यावर. तोवर लिफ्ट चालू व्हायलाच हवी होती.

काम म्हटलं तर ताईच्या हातचा मळ. बोर्डावर नवी चिप बसवली होती, तिच्यात फक्त प्रोग्राम उतरवायचा होता. त्यासाठी प्रोग्रामर नावाची काड्यापेटीएवढी डबी असते. तिची एक केबल कॉम्प्युटरला, दुसरी बोर्डाला. ही डबी मास्तरांची, म्हणजे ताईला हे काम शिकवणाऱ्यांची. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले.

ताईने बटण दाबलं.

'चिप सापडली नाही.'

तिने केबल बदलली. पिना ब्रशने साफ केल्या. मीटर लावला... पाच व्होल्ट येत होते. ग्राउंडही जोडलेलं. स्पीड कमी करून पाहिला.

'चिप सापडली नाही.'

चार वाजले. ऐन वेळी घोडं अडलं होतं. वैतागून तिने बोर्डातली केबल उपसली, टोक उजेडात धरलं...

आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली.

'चिप सापडली.'

केबलचं टोक तिच्या हातात होतं.

बोर्ड हातभर अंतरावर, कशालाच न जोडलेला.

वर पंखा तेवढा फिरत होता. मग...

टक. टक.

टेबलाच्या पलीकडच्या कडेवर. तिथे कोणी नव्हतं.

प्रोग्राम उतरवण्याआधी मास्तर नेमकं असंच दोनदा नख वाजवायचे. "आधी फाइल बघ, मग बटण दाब," म्हणायचे.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तिने फाइल उघडली.

ती चाचणीची फाइल होती!

टेबलावर बोर्ड तपासताना लिफ्टचं दार नसतं. म्हणून 'दार बंद आहे का' ही तपासणी ताई तेवढ्यापुरती काढून ठेवते. घाईघाईत ती तीच फाइल उतरवत होती. दार उघडं असतानाच लिफ्ट निघाली असती... आणि आईची व्हीलचेअर अर्धी आत, अर्धी बाहेर.

तिने बरोबर फाइल घेतली. केबल जोडली. पहिल्याच झटक्यात प्रोग्राम उतरला. सहाला आई लिफ्टने सुखरूप वर आली.

मला हे सांगताना ताई रडली. "मास्तरांनी वाचवलं रे," म्हणाली.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

मंगळवारी शेजारच्या इमारतीच्या लिफ्टचा बोर्ड आला. लिफ्ट अगदी तशीच. फाइलही तीच, बरोबर असलेली.

'चिप सापडली नाही.'

आज शुक्रवार. रोज तेच चाललंय. केबल काढली की चिप सापडते. आणि मग... टक, टक.

ताईने फाइलची ओळ न् ओळ डोळ्यात तेल घालून वाचलीय. चूक नाही. निदान तिला दिसत नाही.

आणि हीच फाइल आईच्या लिफ्टमध्ये चालू आहे.

लिफ्ट बंद ठेवा म्हणून ताईने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. "का? झकास चाललीय की!" ते म्हणाले. त्यांना कारण काय सांगणार?

उद्या आईचे टाके काढायचेत. मी म्हटलं, "जिन्यानं उचलून नेतो तुला."

"लिफ्ट असताना?" आई हसली. "मला काय गाठोडं समजलास?"

दहाची वेळ दिलीय. ताई अजून फाइल वाचतेय.