कुंदाताई रडत नाहीत

शेअर रिक्षात बसून फोनवर मनातलं बोलू नये, हे राजसीला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. बदलापूरहून उल्हासनगरच्या कॉलेजात येणारी ही मुलगी शाळेपासून कथांना बक्षिसं मिळवत आलेली. आणि आज लेखनाच्या वर्गात मॅडम गट पाडणार, म्हणून तिचं डोकं फिरलेलं. मैत्रिणीला ती तावातावाने सांगत होती, "गटात लिहायचं म्हणजे काय, तर एकाने मरमर लिहायचं आणि बाकीच्यांनी दालपकवान खायचं."

पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी, अर्ध्या सीटवर, मांडीवर जीन्सचं गाठोडं घेऊन एक मुलगा कसाबसा टेकला होता. त्याचे खांदे हलले. हसत होता मेला... बाहेर श्रावणातली भुरभुर चालली होती आणि आरशात त्याचे डोळे नेमके हिच्याकडे. कॅम्प तीनच्या वस्तीपाशी तो गाठोडं घेऊन उतरला, तेव्हा कुठे राजसीने श्वास सोडला.

वर्गात तेजस्वी मॅडमनी नावं वाचली. राजसी, भावना, सोहम. भावना राजसीची जुनी मैत्रीण, मघाशी फोनवर होती तीच. सोहम कोण, असं राजसी विचारतच होती, तेवढ्यात दारातून तोच रिक्षातला मुलगा आत आला. हातात कागदाची प्लेट, तिच्यात पकवानाच्या कुरकुरीत पुरीचे तुकडे आणि डाळ.

"तू लिही," तो बाकावर बसत म्हणाला. "मी माझं काम घेऊन आलोय."

भावना बाक बडवून हसली. राजसी हसली नाही. पण पकवानाचा तुकडा मात्र तिने घेतला, आणि ते त्याने पाहिलं.

मॅडमची पद्धत वेगळीच होती. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. बाकीच्यांनी आपल्या मनात काय राहिलं ते सांगायचं. लिहिणाऱ्याने तोवर तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की त्याला फक्त एक प्रश्न विचारता येईल. सोहम हा प्रश्न दर वेळी वाया घालवायचा. कधी विचारायचा, राजसी सगळ्यांकडेच असं डोळे वटारून बघते की हे माझ्यासाठी खास आहे? कधी विचारायचा, उद्या ती निळी ओढणी घेणार आहे का? मॅडम कपाळाला हात लावायच्या. आणि राजसी... ती घरी जाऊन ओढणी शोधायची. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तिघांनी मिळून एक कथा लिहायची होती, एका गल्लीतल्या एका दुपारची. सोहमने आपल्या आईवर लिहिलं. कुंदाताई कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात शिवून झालेल्या जीन्सचे धागे कापायच्या. दुपारी डबा खाऊन झाला की बायकांचा खेळ चालायचा. कुंदाताई ढिगातली एक जीन्स उचलायच्या, कंबर ताणून बघायच्या आणि ती घालणारा माणूस कसा असेल ते सांगायच्या. हा बायकोला घाबरतो. हा लग्नातून जेवून पळतो, आहेर देत नाही. आणि बायका हसून लोटपोट व्हायच्या.

सगळ्यांचे भाग जोडून साफ लिहून काढायचं काम राजसीने स्वतःकडे ओढून घेतलं. लिहिता लिहिता तिला वाटलं, कामगार बाई आणि एवढी हसते? बक्षीस मिळणाऱ्या कथेतली आई अशी नसते. मग तिने हात फिरवला. खेळ गेला, हसणं गेलं. आईच्या बोटांना घट्टे पडले आणि निळ्या कापडावर तिची आसवं टपटपू लागली. कुणाला विचारण्याची तिला गरजच वाटली नाही.

पुढच्या तासाला भावनाने ते मोठ्याने वाचलं.  कुणी म्हणालं, आईचे अश्रू मनात राहिले. सोहम नियम पाळून तोंड मिटून बसला होता. शेवटी मॅडमनी विचारलं, तुझा प्रश्न?

"ही कोण बाई आहे?" तो म्हणाला. "माझी आई तर रडत नाही."

आवाज चढला नव्हता, पण राजसीने वही मिटली. तास संपल्यावर त्याने मॅडमना सांगितलं, माझा भाग काढून टाका, मी दुसऱ्या गटात जातो. मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात शेवटचं वाचन आहे, तोवर विचार कर. तो मागच्या बाकावर जाऊन बसला. राजसीला कथेचं काही पडलेलं नव्हतं. शेजारची जागा रिकामी झाली होती, ती तिला बघवत नव्हती. आपण या मुलाच्या प्रेमात पडलोय हे तिला कळलं, आणि कळलं तेही कधी, तर तो बोलायचा थांबल्यावर.

मेसेज करून करून ती थकली. मग एका दुपारी भावनाकडून पत्ता घेऊन ती कॅम्प तीनमधल्या त्या गल्लीत शिरली. कारखान्याच्या दारात जीन्सचे ढीग, शिलाई मशीनची घरघर, आणि ढिगाला टेकून बसलेल्या बायका. कुंदाताई कोण, हे विचारावं लागलं नाही. मधोमध बसलेल्या बाईने चष्म्यावरून तिला न्याहाळलं.

"तूच काय गं ती... मला रडवणारी?"

 राजसीने कशीबशी मान हलवली.

"बस मग. हात चालव."

एक छोटी कात्री तिच्या हातात आली. सगळी दुपार ती धागे कापत बसली आणि कुंदाताईंचं ऐकत बसली. इतकी हसली की पोट दुखलं. निघताना कुंदाताईंनी ढिगातून एक मुलींची जीन्स काढली, राजसीच्या कमरेला लावली आणि ती घालणाऱ्या मुलीविषयी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. राजसी लालेलाल झाली. बायकांनी खूप विचारलं, पण कुंदाताईंनी पुन्हा सांगितलं नाही.

शेवटच्या वाचनाला राजसी उभी राहिली. तिने आपलं लिहिलेलं बाजूला ठेवलं आणि सोहमचाच भाग वाचला, त्याने लिहिला होता तसा. आहेर न देता पळणाऱ्या माणसापाशी ती स्वतःच हसली आणि सगळा वर्ग हसला. मग नियमाप्रमाणे मनात काय राहिलं ते सांगायची तिची पाळी आली.

"मला वाटायचं, मला लिहिता येतं," ती म्हणाली. "पण मला ऐकता येत नव्हतं. मी चुकले, सोहम. मनात काय राहिलं म्हणशील तर... तुझ्या आईचं हसणं. आणि माझ्या शेजारची रिकामी जागा."

 सोहम मागच्या बाकावर तोंड मिटून बसलेला, नियम तो नियम. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं.

"एकच प्रश्न," तो उठत म्हणाला. "आईने तुझ्या कानात काय सांगितलं? मी रोज विचारतो, मला सांगत नाही."

राजसीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ओढणी निळीच होती.

"म्हणाल्या... ही घालणारी हट्टी आहे. आणि माझ्या पोरावर जीव टाकून बसलीये."

पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच गलका झाला. त्यातून सोहमचा आवाज आला, "खरं ओळखलं का आईने?"

"हा दुसरा प्रश्न झाला," राजसी म्हणाली आणि खाली बसली.

तास सुटला. भावनाला अचानक खूप घाई झाली आणि ती पुढे निघून गेली. फाटकाबाहेरच्या गाडीवर सोहमने दालपकवानची एकच प्लेट घेतली आणि दोघांच्या मध्ये धरली. बारीक पाऊस होता, पण आडोसा शोधावा असं दोघांनाही वाटलं नाही.

"आता तास संपलाय," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे एका प्रश्नाचा नियमही संपला."

राजसीने पकवानाचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि त्याच्यासमोर धरला.

"आई कधी चुकतात का रे तुझ्या?" ती म्हणाली.